बॅकअपचा डबा आणि म्हात्रेंची हळद

हे सांगताना माझा आवाज चढणार, तेव्हा चहाचा कप आधीच जरा लांब ठेवा. आणि हसायचं असेल तर शेवटी हसा. मध्येच हसलात तर मी उठून जाईन. मागच्या वेळी मेहुण्याकडे तसाच उठून गेलो होतो, भजी तळत होती तरी.

आता काय आणि कुठून सांगू? मूर्खपणा माझा आहे, पण राग अजून माझ्याच नाकावर आहे, हीच खरी पंचाईत आहे.

तर मी सावंत. राहायला करंजाड्याला आणि नोकरी तुर्भ्याला, एपीएमसी मार्केटच्या पलीकडे एक कोल्ड स्टोरेज आहे तिथे. आमच्याकडे आंबा, द्राक्षं, डाळिंब असा परदेशी जाणारा माल येतो, थंड खोल्यांत राहतो आणि पुढे जातो. मी तिथला कॉम्प्युटरवाला. पाटीवर ‘सिस्टिम्स मॅनेजर’ लिहिलंय, पण प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी हाक मलाच मारतात.

आमच्याकडे सर्व्हर एकच, मोठा. त्याच्या पोटात तीन व्हर्च्युअल मशीनं. घाबरू नका, सोपं आहे. एका घरात तीन भाडेकरू आहेत असं समजा. एक गेटपास बनवतो, दुसरा थंड खोल्यांचं तापमान टिपतो, तिसरा ईमेल सांभाळतो. तिघांनाही वाटतं की आपण स्वतंत्र बंगल्यात राहतो. पण घर कोसळलं की तिघेही एकदम रस्त्यावर येतात. आणि या घराला बॅकअप नावाची गोष्टच नव्हती.

दोन वर्षं मी शिर्के मॅडमच्या मागे लागलो होतो. शिर्के मॅडम म्हणजे आमच्या जनरल मॅनेजर, साताऱ्याकडच्या, बोलायला रोखठोक. “ओ सावंत, चालतंय ना सगळं? मग?” हे त्यांचं उत्तर. मी चिडायचो. चालतंय म्हणून तर बॅकअप घ्यायचा, बंद पडल्यावर कशाचा घेणार? मेलेल्या माणसाचा विमा उतरवतात का? शेवटी एक दिवस त्या वैतागल्या आणि डबा आला.

डबा म्हणजे काळा, चार हार्डडिस्क मावतील असा, नेटवर्कच्या वायरीने जोडायचा. रोज पहाटे पाच वाजता तिन्ही मशीनांची आणि सगळ्या स्टाफच्या सामायिक फोल्डरची एकेक प्रत या डब्यात जाऊन पडणार. सर्व्हर जळू दे, बुडू दे, डब्यातून सगळं परत. आता दोन्ही एकाच खोलीत ठेवले तर एकाच आगीत जळतील. म्हणून मी डबा मुद्दाम लांब, गेटजवळच्या खोलीत ठेवला. डोकं चालवलं ना? तेवढंच एकदा चाललं.

त्या दिवशी मी सगळ्या स्टाफला गोळा करून भाषणही दिलं. म्हटलं, “तुमचं जे काही महत्त्वाचं असेल ते फोनमध्ये ठेवू नका. फोन हरवतो, फुटतो, खाडीत पडतो. सामायिक फोल्डरमध्ये टाका. माझ्या डब्यातून काही हरवणार नाही, हा सावंतचा शब्द आहे.” लोकांनी माना डोलावल्या. मला वाटलं, वा.

आता म्हात्रे. म्हात्रे गेट आणि माल सोडायचं काम बघतात. आगरी माणूस, इथल्याच जुन्या गावठाणातला. आमची इमारत जिथे उभी आहे तिथे त्यांच्या आजोबांचं भातशेत होतं. हे ते स्वतः कधी सांगत नाहीत, बाकीचे सांगतात. त्यांचा एकच हट्ट. आवारात नवीन यंत्र आलं की नारळ फोडल्याशिवाय ते चालू होऊ द्यायचं नाही. फोर्कलिफ्ट आली, नारळ. वजनकाटा आला, नारळ. पाण्याचा कूलर आला तेव्हासुद्धा हा माणूस उदबत्ती घेऊन उभा.

मी डबा जोडून, तपासून, समाधानाने हात पुसत होतो. एक प्रत डब्यात गेलीसुद्धा होती. तेवढ्यात दारात म्हात्रे. हातात ताट.

“सायब, पूजा राहिली.”

“कसली पूजा?”

“नवीन मशीन हाय. नारल फोडल्याबिगर कसा चालू केलाव?”

“म्हात्रे, हे कॉम्प्युटरचं आहे. यात थेंबभर पाणी गेलं ना, तर संपलं.”

“नारल बाहेर फोडू. याला निस्ता हार नि हलद-कुंकू.”

“हळदसुद्धा नको.”

“सायब, हलदीनं कुनाचा वाईट जालाय?”

मी मॅडमकडे तक्रार नेली. मॅडम उलट स्वतःच आल्या, चपला काढून उभ्या राहिल्या. “ओ सावंत, एका नारळानं काय बिघडतंय तुमचं? चला, हात जोडा.”

माझं डोकं सटकलं. आधीच मला राग लवकर येतो. डॉक्टर सांगतात, बायको सांगते, सोसायटीचा वॉचमनसुद्धा सांगतो. मी म्हटलं, ठीक आहे, करा पूजा, पण चालू यंत्रावर मी कुंकू उडू देणार नाही. आणि रागारागात डब्याच्या मागच्या सगळ्या वायरी खसाखस उपटल्या. एवीतेवी उपटलंच आहे तर म्हटलं सर्व्हरही एकदा बंद करून चालू करू, होऊ दे मुहूर्तावर सगळंच नवीन. तेही केलं.

म्हात्रेंनी मार्केटातून झेंडूचा हार आणला होता. तो हार एखाद्या ट्रकला पुरला असता. डबा त्यात बुडाला, फक्त पुढचा दिवा तेवढा दिसत राहिला. आरती झाली, बाहेर नारळ फुटला. मी वीज लावली, दिवा हिरवा झाला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. खोबरं खातानाही मी धुमसत होतो.

सगळे गेल्यावर मी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून डब्यावर चिकटवलं: ‘हात लावू नये. हार, फूल, पाणी आणि सल्ला यांस सक्त मनाई. हुकमावरून, सावंत.’ हार उद्या काढू म्हटलं. उद्या कामाचा डोंगर होता आणि परवा मी विसरलो. दुसरं कोणी काढणार नाही याची सोय मी स्वतःच करून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोनवर मेल आला: ‘बॅकअप यशस्वी.’ परवाही आला. तेरवाही आला. तीन महिने रोज सकाळी चहाबरोबर मी तो मेल वाचायचो. बायकोला दाखवायचो. ती म्हणायची, “यशस्वी ना? मग दूध आणा.”

आणि मग एका सोमवारी सकाळी अकरा वाजता आमचा सर्व्हर झोपला.

गेटपास बनेना. तापमानाची नोंद थांबली. मेल बंद. बाहेर द्राक्षांच्या गाड्यांची रांग मार्केटच्या कोपऱ्यापर्यंत. ड्रायव्हर हॉर्न वाजवतायत, म्हात्रे गेटवर हाताने पास लिहितायत, मॅडम दर पाच मिनिटांनी “ओ सावंत” करतायत. मी सर्व्हर उघडून बघितलं तर डिस्क शंभर टक्के भरलेली. एवढी मोठी डिस्क, चार वर्षं पुरेल म्हणून मी घेतलेली, ती भरली?

बघा, एकच विचार माझ्या डोक्यात आला. आणि तुमच्याही आला असता, उगाच साळसूदपणा नको. या लोकांनी भरली! मी भाषण दिलं महत्त्वाचं ठेवा म्हणून, आणि यांनी गुड मॉर्निंगची फुलं, पोरांच्या बारशाचे फोटो, सिनेमे, काय वाटेल ते कोंबलं असणार.

मी सगळ्यांत मोठं काय आहे त्याची यादी काढली. पहिलं नाव होतं ‘बॅकअप’. ते मी सोडलं. बॅकअप म्हणजे डबा, आणि डबा तिकडे गेटजवळ बसलाय, त्याचा या डिस्कशी काय संबंध? दुसरं नाव वाचलं आणि माझ्या कपाळाची शीर उडायला लागली.

‘रोशनीची हळद फायनल.’

रोशनी म्हणजे म्हात्रेंची मुलगी. हिवाळ्यात तिचं लग्न झालं. आता आगऱ्यांची हळद तुम्ही बघितली असेल तर मला सांगायला नको. लग्न परवडलं, हळद आवरत नाही. मांडव, बँड, डीजे, अख्खा गाव आणि सगळ्या पुरुषांना एकसारखे पिवळे कुर्ते. मीही गेलो होतो. शिष्टाचार म्हणून. एका बाजूला बसलो, जेवलो, समोर येतील ते दोनचार ग्लास संपवले, घरी आलो. म्हणजे माझी तशी समजूत होती.

व्हिडिओ मी उघडलासुद्धा नाही. नावाच्या बाजूला जे छोटं चित्र दिसतं ना, तेवढंच बघितलं. त्यात गर्दीच्या मधोमध एक पाठमोरा टकल्या इसम प्लास्टिकची खुर्ची डोक्यावर धरून, कमरेत वाकून असा काही नाचत होता की मला त्या सर्व्हरची दया आली. म्हटलं, यासाठी? याच्यासाठी माझे तिन्ही भाडेकरू रस्त्यावर आले?

मी तो व्हिडिओ उडवला. साधा नाही, कचऱ्याच्या डब्यातूनही उडवला. आणखी दोनचार जणांच्या फाइली उडवल्या. सर्व्हर उठला. गाड्या हलल्या. बघितलंत? म्हणजे पुरावाच मिळाला.

तसाच तरातरा गेटवर गेलो.

“म्हात्रे, तुमचा हळदीचा व्हिडिओ मी काढून टाकला.”

म्हात्रे पास लिहिता लिहिता थांबले. “का सायब?”

“का म्हणजे? कंपनीचा सर्व्हर आहे तो, मांडव नाही.”

“पन तुमीच बोल्लात ना, जपायचा असंल ते तिथं ठेवा. फोन खाडीन परतो.”

“महत्त्वाचं म्हटलं होतं मी. नाच नव्हे.”

“मी फोनातना काढून टाकला सायब. तुमचा शब्द होता म्हनून.” त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. नंतर हळूच म्हणाले, “त्याच्यान आईचा धवला हाय.”

धवले म्हणजे आगऱ्यांच्या लग्नातली गाणी. ती गाणारी बाई धवलारीण. भटजी नंतर, आधी तिचा मान. म्हात्रेंची आई गावातली मोठी धवलारीण, चाळीस वर्षं तिच्या आवाजाशिवाय त्या गावात हळद लागलेली नाही. नातीच्या हळदीत ती गायली, आणि पुढच्याच महिन्यात तिला झटका आला. आता ती माणसं ओळखते, हात हलवते, पण तोंडातून शब्द फुटत नाही.

“डॉक्टर बोल्ला, आवाज काय परत येनार नाय,” म्हात्रे म्हणाले. “तेवराच हाय आमच्याकडं.”

इथे एखाद्या भल्या माणसाचा राग उतरला असता. माझा नाही उतरला. खरं सांगतो, आतून थोडं चरकलं, पण माघार घेणं माझ्या पत्रिकेत नाही. मी म्हटलं, “घाबरू नका, माझ्या डब्यात त्याची प्रत आहे. पण शिस्त म्हणजे शिस्त. आधी लेखी माफी द्या, मग काढून देईन.”

म्हात्रेंनी माझ्याकडे बघितलं, आणि पास लिहायला घेतला.

गुरुवारी सकाळी सर्व्हर पुन्हा झोपला. डिस्क पुन्हा शंभर टक्के. माझ्याच जुन्या फाइली उडवून त्याला कसाबसा उठवला.

आता मात्र माझा तोलच गेला. म्हटलं, माफी राहिली बाजूला, या माणसाने सूड म्हणून पुन्हा काहीतरी कोंबलंय. काय कोंबलंय ते सापडेना, पण सापडत नाही म्हणजे लपवलंय. असा माझा न्याय. मी खोलीचं दार लावून मॅडमना अर्ज लिहिला. त्या अर्जाची प्रत माझ्याकडे आहे, पण दाखवणार नाही. तोंडी सांगतो.

‘एक: श्री. म्हात्रे यांनी कंपनीच्या यंत्रणेवर खाजगी समारंभाचे चित्रीकरण साठवून कामकाज दोन वेळा ठप्प केले. सबब त्यांची बदली आपल्या दिघा येथील गोडाऊनला करावी. दोन: सदर चित्रीकरणात एक टक्कल असलेला इसम डोक्यावर खुर्ची घेऊन अत्यंत अशोभनीय हावभाव करीत असल्याचे प्रथमदर्शनी दिसते. अशा इसमांचे दर्शन कंपनीच्या प्रतिष्ठेस बाधक आहे. तीन: सदर इसमाची ओळख पटवून त्यास कंपनीच्या आवारात कायमची प्रवेशबंदी करावी.’

अर्ज चांगला जमला होता. ‘प्रथमदर्शनी’ लिहिताना मला फार बरं वाटलं होतं.

शुक्रवारी अकराला मॅडमच्या केबिनमध्ये आम्ही तिघे. मॅडम, मी आणि म्हात्रे. मॅडमनी अर्ज मोठ्याने वाचला. दोन नंबरपाशी त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचला.

“सावंत, हा व्हिडिओ केवढा?”

“सहा जीबी मॅडम.”

“आणि आपली डिस्क?”

“दहा टीबी. म्हणजे दहा हजार जीबी.”

मॅडम खरेदी विभागातून वर आलेल्या. हिशेब त्यांच्या जिभेवर. “म्हणजे असले सोळाशे व्हिडिओ मावतात. म्हात्रे, तुम्हाला मुली किती?”

“येकच मॅडम.”

“मग बाकीच्या सोळाशे हळदी कुणी केल्या, सावंत?”

बघा, हा हिशेब दुसरीतलं पोरगं करेल. मी हौद कोणी भरला ते शोधायला निघालो आणि चमचा घेऊन चाललेल्या माणसाची गचांडी धरली. पण रागात माणूस गणित करत नाही. निदान मी करत नाही.

तेवढ्यात म्हात्रे बोलले. “मॅडम, दिघ्याला धाडायचा तर धाडा. मी काय बोलत नाय. पन आईचा धवला तेवरा काढून द्या. मी माफी लिवून आनलीय.” आणि त्यांनी खिशातून चार घड्या घातलेला कागद काढून माझ्यापुढे ठेवला.

मला वाटलं, चला, निदान इथे तरी आपलं नाव राहील. दोन मिनिटांत व्हिडिओ काढून देतो, मोठेपणा दाखवतो. मी ऐटीत मॅडमच्या भिंतीवरच्या टीव्हीला लॅपटॉप जोडला. “आता बघा, बॅकअप म्हणजे काय चीज असते.” आणि डब्याला हाक मारली.

डबा मिळेना.

पुन्हा मारली. मिळेना. नेटवर्कवर असा कुठला डबाच नाही, असं ते यंत्र मला सांगायला लागलं.

“वीज गेली असेल,” मी म्हटलं, आणि उठलो. दोघेही माझ्या मागोमाग गेटजवळच्या खोलीत आले. डबा होता तिथेच होता, दिवा हिरवाच होता. तीन महिन्यांचा हार वाळून काळा पडलेला, वर माझी पाटी. मी पाटी बाजूला केली, हार उचलला, आणि मागे बघितलं.

निळी वायर. नेटवर्कची. टेबलामागे लोंबत होती, तोंड जमिनीकडे करून. पूजेच्या दिवशी उपटलेल्या वायरींपैकी मी विजेची तेवढी परत लावली होती.

“ही वायर लोंबते तुम्हाला दिसली नाही का इतके दिवस?” मी म्हात्रेंवरच ओरडलो. लाज बघा माझी.

“रोज दिसं सायब,” म्हात्रे शांतपणे म्हणाले. “पन पाटी हाय ना. हात लावू नये नि सल्ला देऊ नये.”

त्या क्षणी, एवढ्या दिवसांत पहिल्यांदा, मला राग आला नाही. भीती वाटली. डब्यात पूजेच्या आधीची ती एकच प्रत होती. हळद त्याच्या नंतरची. मी या माणसाला शब्द दिला होता, त्याच्या आईचा आवाज त्याने माझ्या शब्दावर फोनमधून पुसला होता, आणि मी तो दुसऱ्यांदा पुसला. मी खाली खोक्यावर बसलो.

“नाय मिलनार?” म्हात्रेंनी विचारलं.

मॅडमच बोलल्या. “ओ सावंत, रडगाणं नंतर. रोज यशस्वी-यशस्वी म्हणून मेल येत होता ना तुम्हाला? मग तो यशस्वी होऊन जात कुठं होता?”

आणि मला कळलं. तिथेच, खोक्यावर.

ऐका, एवढं एकच तांत्रिक आहे. डबा जोडायचा तर सर्व्हरवर त्याच्या नावाचा एक रिकामा कप्पा करावा लागतो. डबा जोडलेला असला की कप्प्यात टाकलेलं सगळं डब्यात जातं. आणि डबा जोडलेला नसला तर? तर तो कप्पा म्हणजे सर्व्हरचं स्वतःचंच पोट. सर्व्हर बिचारा विचारत नाही, टाक म्हटलं की टाकतो, आणि ‘यशस्वी’ म्हणून मेल धाडतो. तीन महिने रोज पहाटे पाचला तो स्वतःच्या प्रती स्वतःच गिळत होता. डिस्क भरली ती त्याने, म्हणजे मी. यादीतलं ते पहिलं नाव, जे मी सोडलं होतं.

मी धावलो. या वयात, या पोटाने, गेटपासून केबिनपर्यंत धावलो. कप्पा उघडला. आत पूजेनंतरच्या प्रत्येक दिवसाची एक प्रत, नीट तारखेने लावलेली, आणि हळदीनंतरच्या प्रत्येक प्रतीत म्हात्रेंचा व्हिडिओ. ज्या गाढवपणाने सर्व्हर झोपवला त्यानेच धवला वाचवला होता.

मी व्हिडिओ टीव्हीवर लावला.

पडद्यावर म्हात्रेंची आई आली. नऊवारी, हातात सूप, बाजूला चार बायका. आणि तिने आवाज लावला. त्या आवाजाचं मी काही वर्णन करत नाही, मला येत नाही. म्हात्रे टोपी हातात घेऊन उभे होते. त्यांनी डोळे पुसले नाहीत, नुसते बघत राहिले. मॅडमनी फोन वाजला तो बंद केला. मी मनात म्हटलं, सुटलास सावंत, आता गुपचूप बंद कर आणि पळ.

पण मॅडमच्या हातात माझा अर्ज होता. “थांबा. मुद्दा दोन राहिला. तो खुर्चीवाला दाखवा. एवढं लिहिलंय तुम्ही, बघू तरी.”

“जाऊ दे ना मॅडम,” म्हात्रे एकदम म्हणाले. “धवला मिलला. माजी काय तक्रार नाय.”

“तुमची नाही हो, सावंतांची आहे. लावा पुढं.”

मी पुढे लावलं. डीजे सुरू. पिवळ्या कुर्त्यांची गर्दी. मधोमध तो पाठमोरा टकल्या, डोक्यावर खुर्ची. मी काठीने दाखवतात तसं बोटाने दाखवलं. “हाच तो. बघा मॅडम, किती खालच्या पातळीवर…” आणि तेवढ्यात तो वळला.

मी होतो.

तोंडभर हळद, एका हातात खुर्ची, दुसऱ्या हाताने कॅमेऱ्याला ‘ये, ये’ करतोय. सावंत, सिस्टिम्स मॅनेजर.

आता तुम्ही म्हणाल, स्वतःला ओळखलं कसं नाही? अहो, मला समोरून टक्कल नाही. समोरून माझा भांग व्यवस्थित आहे. मागून मी असा दिसतो हे मला पन्नास वर्षांत कुणीही सांगितलं नाही. घरातल्यांनीसुद्धा नाही.

टीव्हीवर मी नाचतोय, लांबलचक नाच होता तो, संपतच नव्हता. शेवटी मॅडमनी विचारलं, “म्हात्रे, तुम्हाला माहीत होतं हे कोण ते?”

“हो मॅडम.”

“हा माणूस तुम्हाला दिघ्याला पाठवतोय. अर्ज मी तुमच्यासमोर वाचला. तेव्हा तरी बोलायचं.”

म्हात्रेंनी टोपी डोक्यावर घातली. “घरच्या हलदीला आलेला पाव्हना, मॅडम. नाचला तर आमचाच मान केला. त्याचा नाव मी कसा देनार?”

मला वाटलं, जमिनीने मला पोटात घ्यावं. पण तळमजल्यावर सगळं काँक्रीट आहे आमच्याकडे.

मॅडमनी पेन काढलं आणि माझ्या अर्जावर, माझ्यासमोर, शेरा मारला: ‘मुद्दा एक: फेटाळला. मुद्दा दोन: पाहिला. मुद्दा तीन: ओळख पटली, प्रवेशबंदी मंजूर. अंमलबजावणी: म्हात्रे, गेट.’ सही केली, शिक्का मारला, आणि अर्ज म्हात्रेंच्या हातात दिला.

मला वाटलं, गंमत करतायत.

शनिवारी सकाळी नऊला मी गेटवर. अकरा वर्षं मी या गेटमधून नुसती मान हलवून आत जातो. म्हात्रेंनी दांडा वर केला नाही. खिडकीतून माझ्याकडे बघितलं. मागे गाड्यांची रांग, आणि सगळे ड्रायव्हर खाली उतरून बघायला लागले.

“म्हात्रे, उघडा ना.”

“नाय सायब. बंदी हाय. शिक्का हाय.”

“मग मी काय करू? घरी जाऊ?”

“असा कसा जाल? पाव्हन्याला गेटवरना परत धाडत नाय आमी.” त्यांनी कॉम्प्युटर पुढे ओढला, माझ्याच सर्व्हरवरून माझाच गेटपास बनवला, आणि खिडकीतून पुढे केला. मी तिथे उभ्या उभ्या वाचला.

नाव: सावंत. कोणाकडे: म्हात्रे यांचे पाहुणे. कामाचे स्वरूप: वायर लावणे.